चौथीच्या राज्याचा दुखवटा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चालू घडामोडींच्या बाबतीत मला कोणी पकडू शकत नाही. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात कोणी खुर्चीवर चढलं, कोणी खुर्चीवरून पडलं, कुठे पूल बांधला, कुठे तो त्याच आठवड्यात कोसळला, की नळाला पाणी यायच्या आत ती बातमी माझ्याकडे आलेली असते. शिक्षक-खोलीत कोणी "अहो, ऐकलंत का?" असं सुरू केलं, की मी वह्या तपासता तपासता, मान वर न करता म्हणतो, "कालच." आता तुमच्यापासून काय लपवायचं, त्यातल्या निम्म्या बातम्या मी त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकत असतो. पण "कालच" म्हटलं की माणसाला जरा वजन येतं. चौथीच्या वर्गशिक्षकाला वजन यायचे दुसरे मार्ग फारसे नसतात.

तर अशा या माझ्या कीर्तीमुळेच त्या वर्षी एक सुवर्णसंधी चालून आली होती. शिक्षण कार्यालयात 'मार्गदर्शक शिक्षक' अशी एक जागा निघाली. काम काय, तर शाळाशाळांतून फिरायचं, तिथल्या शिक्षकांना चालू घडामोडी आणि राज्याची ओळख हे विषय कसे शिकवावेत ते सांगायचं, त्यांनी दिलेला चहा प्यायचा आणि पुढच्या शाळेत जायचं. वह्या तपासणं नाही, शाईने माखलेली पोरं नाहीत, "सर, याने माझा रबर घेतला" नाही. शिवाय कार्यालयात स्वतःचं टेबल, आणि त्याला कुलूप लागणारा खण! आयुष्यात मला कुलूप लागणारं असं काही मिळालं नव्हतं. आमच्या वर्गाच्या दारालासुद्धा नुसती कडी आहे.

शिक्षणाधिकारी साहेब स्वतः येऊन माझा एक पाठ बघणार आणि तिथल्या तिथे निर्णय देणार, असं ठरलं. घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको म्हणाली, "आधी मिळू दे." मी म्हटलं, "मिळाल्यात जमा आहे." तिने तेवढंच ऐकलं आणि माहेरी फोन लावला. संध्याकाळपर्यंत सासरेबुवांनी गल्लीत सांगितलं होतं की जावई आता शाळेत नाही, कार्यालयात असतो. म्हणजे परतीचे दोर कापले गेले होते, आणि तेही मी नव्हे, सासुरवाडीने कापले होते.

आता माझ्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. राज्याचा पक्षी कोणता, फूल कोणतं, प्राणी कोणता, झाड कोणतं, हे मुलं पोपटासारखं पाठ करतात आणि परीक्षेत पक्ष्याच्या जागी झाड लिहून येतात. त्यांचाही दोष नाही. राज्यप्राणी त्यांनी फक्त पुस्तकातल्या धूसर चित्रात पाहिलेला. तो समोर आला तरी ओळख पटायची नाही, आणि पटेपर्यंत तोच पळून जायचा. म्हणून मी एक शक्कल लढवली. आजपासून चौथीचा वर्ग हेच एक राज्य! आपली राज्यचिन्हं आपण निवडायची, उमेदवार उभे करून, गुप्त मतदान घेऊन.

मुलांनी जो उत्साह दाखवला तो मोठ्यांच्या निवडणुकीत दिसत नाही. राज्यवृक्ष म्हणून खिडकीबाहेरचं वाकडं झाड निवडून आलं, कारण दुसरं झाडच नव्हतं. राज्यफूल म्हणून पन्हाळीखालच्या भेगेत उगवणारं एक पिवळं रानफूल आलं. राज्यपक्षी कावळा झाला. डब्यातला खाऊ पळवतो म्हणून त्याला विरोध झाला होता, पण तो रोज हजर असतो या मुद्द्यावर तो निसटता निवडून आला. राज्यप्राण्यासाठी मात्र जोरदार लढत झाली. एका बाजूला फाटकाजवळचा लंगडा कुत्रा, दुसऱ्या बाजूला आमच्या वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळामागे राहणारी पाल. कुत्रा लोकप्रिय होता. पण आमची मॉनिटर उठली. ही मुलगी एवढीशी आहे, पण आवाज असा की तिला सगळे 'घंटा' म्हणतात. तिने हरकत घेतली की कुत्रा सकाळी आपल्या वर्गाच्या पायरीवर असतो आणि दुपारी तिसरीच्या. दोन राज्यांत राहणारा प्राणी आपला कसा? पाल मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच भिंतीवर आहे. कुत्र्याचे समर्थक फुटले. पाल मोठ्या बहुमताने निवडून आली. कौतुकाने माझे डोळे पाणावले. पालीमुळे नव्हे, लोकशाहीमुळे.

याच सुमारास दूरच्या एका देशाचे प्रमुख वारले. रोजच्या बातम्यांच्या तासाला तो विषय निघाला आणि मी मुलांना राज्याचा दुखवटा म्हणजे काय ते सविस्तर शिकवलं. झेंडा अर्ध्यावर उतरवतात. दंडाला काळी फीत लावतात. दोन मिनिटं शांत उभं राहतात. मोठी माणसं भाषणं करतात. त्या दिवशी हसणं-खिदळणं, गाणी, बातम्यांचा तास, सगळं बंद. "आणि हे कोणासाठी करतात, सर?" घंटेने विचारलं. मी म्हटलं, "राज्याच्या दृष्टीने जो महत्त्वाचा असेल, त्याच्यासाठी." तिने ते वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, किती हुशार मुलगी आहे!

तुम्ही आता मनात म्हणत असाल, की एवढं झाल्यावर पुढे काय घडलं ते मला कळलं कसं नाही. अहो, तुम्ही ही गोष्ट आरामात बसून वाचताय. मी त्या दिवशी नव्या कोटात होतो. शिंप्याने बगलेत तो इतका घट्ट शिवला होता, की डोक्याला रक्त कमीच पोहोचत होतं.

साहेब यायचा दिवस उजाडला. पाठाचा विषय मीच निवडला होता, 'बातमी खरी की खोटी, ते कसं ओळखावं?' आरशासमोर दोनदा तालीम केली, बुटांना पॉलिश केलं आणि त्या गडबडीत मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी बातमीशिवाय घराबाहेर पडलो. वर्तमानपत्र होतं पिशवीत, पण ते आदल्या रात्री छापलेलं.

शाळेच्या फाटकात शिरलो आणि जागीच थबकलो. मैदानात शाळेचा झेंडा अर्ध्यावर होता! खाली शिपाईमामा टोपी काढून उभे. मामा एरवी झोपतानासुद्धा टोपी काढत नाहीत अशी वदंता आहे. दर आठवड्याला एका वर्गाकडे झेंडा चढवायचं काम असतं आणि तो आठवडा आमच्या चौथीचा होता. त्यामुळे माझी पोरं रांगेत उभी होती, दंडाला काळ्या घोटीव कागदाच्या पट्ट्या, चेहरे उतरलेले. घंटा पुढे आली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "सर, तुम्हाला कळलं ना?"

बस्स. हाच तो क्षण. इथे मी "नाही गं बाळ, काय झालं?" असं विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आज कुलूप लागणाऱ्या खणाचा मालक असतो. पण सवय कुठे जाते? माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कालच."

घंटेने डोळे मोठे केले. "काल? आम्हाला तर आज सकाळी कळलं."

"म्हणजे... लक्षण कालच दिसत होतं," मी म्हटलं आणि खोल उसासा टाकला. तिने माझ्याकडे अशा काही आदराने पाहिलं की मला स्वतःचीच कमाल वाटली.

मग मी कोपऱ्यात जाऊन वर्तमानपत्र चाळलं. पहिल्या पानावर सगळे जिवंत. खेळाच्या पानावरचे तर जास्तच जिवंत. शेवटच्या पानावर छोट्या चौकटीत काही आजोबा होते, पण त्यांच्यासाठी झेंडे उतरत नाहीत. म्हणजे पेपर छापून झाल्यावर कोणीतरी मोठं गेलं होतं. मी मनातल्या मनात देशातल्या सगळ्या वृद्ध आणि थोर मंडळींची हजेरी घेतली. कोण केव्हाचं आजारी आहे, कोणी इतक्यात सभेला दांडी मारली, सगळं आठवून पाहिलं. प्रत्येकाबद्दल शंका येत होती आणि खात्री एकाचीही पटत नव्हती.

मुलांकडूनच काढून घ्यावं म्हणून मी सहज विचारतोय असं दाखवत म्हटलं, "बरं, आजची मुख्य बातमी कोण सांगेल?" सगळ्यांनी माझ्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिलं. दुखवट्यात बातम्यांचा तास नसतो, हे मीच शिकवल्याची आठवण घंटेने करून दिली. शिपाईमामांकडे वळलो, तर ते म्हणाले, "मोठं माणूस होतं, सर." यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांना पोरांनी "मामा, झेंडा अर्ध्यावर" असं सांगितलं होतं आणि वरून हुकूम असणार असं समजून त्यांनी तो बांधला होता.

एवढ्यात मुख्याध्यापिका बाई आल्या. बाई म्हणजे शिस्तीचा पुतळा. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, मग काळ्या फितींकडे, मग माझ्याकडे. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मग तो पुरेसा गंभीर झाला. मला तेव्हा वाटलं, की यांना सगळं माहीत आहे. त्यांना वाटलं, की बातम्यांचे सर उभे आहेत म्हणजे झेंडा यांनीच विचारपूर्वक उतरवला असणार. त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं, ते मी अजून विसरलेलो नाही.

"वाईट झालं," बाई म्हणाल्या.

"फारच," मी म्हटलं.

"तसं वय झालं होतं म्हणा."

"हो, पण तरीसुद्धा."

"तरीसुद्धा वाईटच. आणि इतक्या अचानक."

"अचानक म्हणजे, तशी तब्येत नरमच होती."

"हो ना, ते मी ऐकलंच होतं. घरच्यांचं काय आता?"

"आहेत, सगळे आहेत," मी म्हटलं. कोण आहेत ते देवाला ठाऊक!

बाईंनी रुमालाने डोळ्यांची कड टिपली. ते बघून माझी खात्रीच पटली की यांचा जुना परिचय असणार, आणि आता विचारणं म्हणजे शोभा करून घेणं. तिकडे बाईंनी माझा पडलेला चेहरा पाहिला आणि त्यांचीही तशीच खात्री पटली. अशा रीतीने आम्ही दोघांनी मिळून एक अनोळखी माणूस पूर्णपणे मारून टाकला.

फाटकाशी गाडी थांबली. शिक्षणाधिकारी साहेब उतरले ते हसत. हसत हसत त्यांनी वर पाहिलं, झेंडा दिसला आणि हसू तिथल्या तिथे विरलं. इतकं मोठं हसू इतक्या चपळाईने आत घेतलेलं मी तरी पाहिलेलं नाही. ते आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण सुतकी कळा आली होती. बाई म्हणाल्या, "साहेब, कळलंच असेल." साहेब म्हणाले, "येताना गाडीतच फोन आला. मन सुन्न झालं." बाईंनी कार्यक्रम पुढे ढकलायचा का असं विचारलं, तर साहेबांनी कर्तव्याबद्दल दोन वाक्यं ऐकवली आणि आधी शोकसभा, मग पाठ, असा निर्णय दिला. "गेलेल्यांनाही तेच आवडलं असतं," ते म्हणाले. आम्ही दोघांनी जोरजोरात माना हलवल्या.

सगळी शाळा मैदानात उभी राहिली. दोन मिनिटं शांतता पाळली. पहिलीतला एकजण शिंकला, तेवढंच. मग बाईंनी मला बोलायला सांगितलं.

आता मराठीत एक मोठी पंचाईत आहे. गेलेलं माणूस पुरुष की बाई, हे ठाऊक असल्याशिवाय धड रडतासुद्धा येत नाही. 'गेले' म्हणावं तर गेल्या असायच्या, 'गेल्या' म्हणावं तर गेले. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "एक मोठं व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून निघून गेलं." नपुंसकलिंग! मग मी सुटलोच. हे व्यक्तिमत्त्व उंचीवर असूनही कधी गर्वाने फुगलं नाही. प्रसिद्धीपासून कायम दूर, मागे राहिलं. संकटं आली, लोकांनी हाकलण्याचे प्रयत्न केले, पण आपली जागा सोडली नाही. बोललं कमी. जे दोन शब्द बोलेल ते मात्र नेमके वेळेवर. आणि आपल्यातल्या कित्येकांना उपद्रव देणाऱ्यांचा बंदोबस्त या व्यक्तिमत्त्वाने कसलाही गाजावाजा न करता केला!

चौथीची रांग हुंदके देऊ लागली. शेवटच्या वाक्याला घंटा तर ओक्साबोक्शी रडली. मी स्वतःच्या वक्तृत्वावर इतका खूश झालो की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी माझ्याकडे वळून एकदा मान डोलावली. खणाच्या कुलपाची किल्ली मला जवळजवळ हातात जाणवली.

बाईंना मागे राहून चालणार नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी लहान असताना या थोर विभूतीचं आमच्याकडे येणं झालं होतं आणि तेव्हा माझ्या डोक्यावर जो आशीर्वादाचा स्पर्श झाला, तो मी आजही विसरले नाही." चौथीची रांग रडायची थांबली. पोरं टाचा उंचावून बाईंच्या डोक्याकडे बघू लागली. मला वाटलं, काय ही भक्ती!

मग साहेब उठले. मोठी माणसं मोठी का होतात, ते तेव्हा कळलं. आम्ही दोघं कडेकडेने चालत होतो, साहेबांनी सरळ मध्यभागी उडी घेतली. "गेल्याच महिन्यात," ते भरल्या गळ्याने म्हणाले, "मी त्यांच्या घरी गेलो होतो. आम्ही दोघांनी बसून चहा घेतला. किती साधी राहणी! घरात सामान म्हणून नाही. भिंती उघड्या. मी म्हटलं, एवढ्याशा जागेत कसे राहता? नुसते हसले." 'हसले' म्हटल्यावर मी मनात सुटकेचा निःश्वास सोडला, म्हणजे गेलेले पुरुष होते तर! साहेबांनी चष्मा पुसला आणि भाषण संपल्यावर ते नेहमी विचारतात तसं सवयीने विचारलं, "कोणाला काही विचारायचं आहे का?"

शोकसभेत कोणी प्रश्न विचारतं का? घंटेने हात वर केला.

"साहेब, घड्याळाच्या मागे?"

"काय बाळ?"

"तुम्ही चहा प्यायला घड्याळाच्या मागे बसला होतात?"

साहेब गोंधळून बाईंकडे बघू लागले, बाई माझ्याकडे, आणि मी झेंड्याकडे. घंटा रांगेतून बाहेर पडली. तिच्या हातात एक कंपासपेटी होती. ती तिने साहेबांसमोर धरली आणि अदबीने झाकण उघडलं. आत स्वच्छ रुमाल अंथरलेला, त्यावर आमची पाल शेपटी नीट वळवून निजवलेली, आणि उशाशी ते पिवळं राज्यफूल. "सकाळी झेंडा चढवायला लवकर आलो तेव्हा घड्याळाखाली पडलेली दिसली," तिने सांगितलं. "राज्यप्राणी होती ना, म्हणून सरांनी शिकवलं होतं तसं सगळं केलं."

बाईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला, मग त्यांनी तो झटकन खाली घेतला आणि पदराला पुसला. इतर वर्गांत आधी कुजबुज, मग खसखस, आणि मग जी हास्याची लाट उसळली ती शिपाईमामांनी शाळेची घंटा बडवली तरी थांबेना. फक्त चौथी गंभीर होती. कुत्र्याचा एक माजी समर्थक तर साहेबांना समजावत होता की पाल चहा पीत नाही, पण साखरेला मुंग्या लागल्या तर त्या खाते.

साहेबांनी मला आणि बाईंना बाईंच्याच खोलीत बोलावलं, दार लावलं आणि टेबलावरचा पृथ्वीचा गोल एकदा पूर्ण फिरवला. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "मला वाटलं, बाईंना माहीत असेल."

बाई म्हणाल्या, "मला वाटलं, सरांना."

साहेबांना काय वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. गाडीत आलेला फोन कोणाचा होता, हे विचारायची आमचीही छाती नव्हती. उलट माझ्या मनात एक हलकट विचार चमकून गेला. साहेबांनी पालीकडे चहा घेतल्याचा मी साक्षीदार आहे, म्हणजे आता मला नापास करण्याची यांची टाप नाही! मी कोटाची बटणं नीट केली. खण अजून हातचा गेला नव्हता.

पाठ बघायचा होताच. आम्ही तिघं वर्गात गेलो. फळ्यावर माझ्याच सुंदर अक्षरात विषय लिहिलेला होता, 'बातमी खरी की खोटी, ते कसं ओळखावं?' तो पुसून टाकावा म्हणून मी पुढे झालो, तर साहेब म्हणाले, "राहू द्या." मग मी प्रश्न विचारत गेलो आणि मुलं उत्तरं देत गेली. इतकी चोख उत्तरं, की मला प्रत्येक उत्तराला दरदरून घाम फुटत होता.

"एखादी बातमी कानावर आली, तर सगळ्यात आधी काय करावं?"

"ज्याला माहीत आहे त्याला विचारावं."

"आणि आपल्याला कोणी विचारलं, पण आपल्याला माहीत नसेल तर?"

"माहीत नाही म्हणावं," सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेबांना खोकला आला. बाई खिडकीतून राज्यवृक्ष बघू लागल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला पोरांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम. मी जे शिकवत होतो ते त्यांना आलं होतं. मलाच तेवढं यायचं राहिलं होतं.

पाठ संपला. साहेब उठले आणि वर्गासमोरच बोलले. असा पाठ आपण नोकरीत पाहिला नाही, असं म्हणाले. माझं अंग मोहरलं. ही मुलं, हा वर्ग, हे शिक्षक, यांची ताटातूट करणं म्हणजे पाप ठरेल, असं म्हणाले. माझं मोहरलेलं अंग जरा गार पडलं. मग ते बाईंकडे वळले.

"बाई, हे सर गावोगावच्या शाळांतून फिरणार, चार लोकांत बसणार, बोलणार..." असं म्हणून ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक शाळेत, प्रत्येक चहाबरोबर मी कोणती गोष्ट सांगितली असती, ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. "नको. यांना चौथीच्या वर्गातून कुठेही हलवायचं नाही. निवृत्त होईपर्यंत. असा माझा स्पष्ट शेरा लिहून ठेवा."

मुलांनी बाकं वाजवून जल्लोष केला. साहेब माझ्याशी हस्तांदोलन करून, झेंड्याकडे न बघता, गाडीत बसून निघून गेले.

दुपारी पालीला राज्यवृक्षाखाली पुरलं. मग घंटेने सभा भरवली. राज्यप्राण्याचं पद रिकामं राहणं बरं नव्हे, तेव्हा लगेच निवडणूक घ्यावी. मी कुत्र्याचं नाव सुचवलं, पण दोन राज्यांचा मुद्दा पुन्हा निघाला. घंटेने फळ्यावर अटी लिहिल्या. आपल्याच राज्यात राहणारा हवा, दुसरीकडे कुठे न सापडणारा हवा आणि त्याला इथून हलवायला सरकारची बंदी हवी. अटी वाचून वर्ग हळूहळू माझ्याकडे वळला. मतदान गुप्त झालं, पण निकाल एकमताने लागला. मी हरकत घेऊ शकलो असतो. पण लोकशाहीचे धडे मीच दिले होते, आणि तसं बघितलं तर त्या दिवशी मला मिळालेलं ते एकमेव पद होतं.

संध्याकाळी घरी पोहोचलो, तर बायको दारातच उभी. मागे खोलीत सासूबाई आणि सासरेबुवा, दोघं नव्या कपड्यांत. सकाळी मुलांनी दिलेलं उत्तर मला तोंडपाठ होतं. मी खरं तेच सांगायला तोंड उघडलं.

"मिळालं का पद?" तिने विचारलं.

"मिळालं," मी म्हटलं. "कायमस्वरूपी."

आता गल्लीत सगळे ओळखीचे लोक थांबवून माझं अभिनंदन करतात. वाणी पुडी बांधता बांधता म्हणतो, "ऐकलं बरं का, सर." शिंप्याने तर दुसऱ्या कोटाचं माप घेतलं आहे. काय पद मिळालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.